पन्नास ठोके

माझा सख्खा भाऊ खोटं बोलतो, असं मी एकदा लिहून दिलं आहे. अगदी या शब्दांत नाही. आमच्या धंद्यात कुणाला खोटारडं ठरवायचं असलं तर तसं म्हणत नाहीत, नुसती माहिती देतात. मी लिहिलं होतं, ‘बटणांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रोग्राममधली एकही ओळ गेल्या सहा वर्षांत बदललेली नाही.’ खाली सही आणि तारीख. वाक्य शंभर टक्के खरं होतं. त्या खऱ्या वाक्यानं दादाला आयुष्यातून उठवलं, आणि ते लिहिल्याबद्दल मला त्या दिवशी ऑफिसात शाबासकी मिळाली.

दादा बाइंडिंगच्या कारखान्यात कटिंग मशीनवर होता. कागदाच्या गठ्ठ्याची कड सरळ कापायचं मशीन. दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबायची, की दाबपट्टी खाली येऊन गठ्ठा घट्ट धरते, मग पातं येतं आणि वर जातं. दोन्ही हात बटणांवर अडकलेले असल्यामुळे पात्याखाली काही सापडायचा प्रश्न नाही. पातं वर गेलं की हात सोडायचे आणि उजव्या हातानं कापलेली पट्टी ओढून घ्यायची. बावीस वर्षं त्यानं हेच केलं. बावीस वर्षांत आपला एक गठ्ठा तिरका गेला नाही हे तो दर चार दिवसांनी ऐकवायचा, आणि वहिनी दर वेळी विचारायची, मग घरातलं एकही चित्र सरळ का टांगलेलं नाही.

ते मशीन आमच्या कंपनीचं होतं आणि त्याच्या आतला प्रोग्राम माझा. दादाच्या मालकाला ते घ्यायला दादानंच लावलं होतं. नवीन माणूस कामाला आला की तो मशीनवर थाप मारून सांगायचा, “हे माझ्या बहिणीचं ऐकतं.”

दोन वर्षांपूर्वी एका दुपारी दादानं कट घेतला, पातं वर गेलं, त्यानं पट्टी ओढायला उजवा हात आत घातला आणि पातं पुन्हा खाली आलं. अंगठा तेवढा राहिला. बाकीची चार बोटं गेली.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर तो पहिलं वाक्य बोलला ते असं, “मी दाबलं नव्हतं. पातं दोनदा आलं.” पुढचा महिनाभर तो एवढंच बोलत होता. मालकाला, सरकारी निरीक्षकबाईंना, सलाईन बदलायला येणाऱ्या नर्सला. मला तर किती वेळा सांगितलं त्याला मोजदाद नाही. आणि मी, त्याच्या उशाशी बसून, त्याला समजावून सांगत होते की दादा, असं होऊच शकत नाही, ते मी लिहिलंय, मला माहीत आहे. माणूस शिकला की किती माठ होऊ शकतो याचा नमुना पाहायचा असेल तर त्या खुर्चीत बसलेल्या मला पाहायला हवं होतं.

निरीक्षकबाईंनी त्यांचं काम नीट केलं. त्यांनी मशीन दोनशे वेळा चालवून पाहिलं. दोनशेही वेळा पातं एकदाच आलं. त्यात माझा कागद. मग अहवालात शब्द आला, हलगर्जीपणा. कामगारानं एक बटण काहीतरी लावून दाबून ठेवलं असावं, घाईत असे प्रकार होतात, वगैरे. उरलेल्या हातानं करता येतील अशी कामं शहरात पुष्कळ होती, कागद मोजायचं, माणसांवर देखरेख करायचं. पण तो शब्द दादाच्या आधी सगळीकडे पोचलेला असायचा. ज्याच्या हातावर बावीस वर्षं मालक डोळे मिटून विसंबले, त्याला आता दारातूनच नंतर कळवतो म्हणायला लागले.

माझा कागद त्याला कुणी दाखवला मला माहीत नाही. त्यानं भांडण केलं नाही. बोलणं बंद केलं. मी गेले की तो उजवा हात खिशात घालून आतल्या खोलीत जायचा आणि वहिनी माझ्यासमोर बसून गॅलरीतल्या कुंड्यांबद्दल बोलायची. तो हात मी पट्टी उतरल्यापासून पाहिलेलाच नव्हता. किती दिवस असं चालणार, असं एकदा वहिनीला विचारलं तर ती म्हणाली, “ते त्यांनी मलाही सांगितलं नाही.”

आता जादूगाराबद्दल. आमच्या तंत्रविभागाचे प्रमुख. जादूगार हे नाव आमच्याकडच्या वायरमन काकांनी पाडलेलं, कारण कंपनीत गिऱ्हाइकं आली की ते एक खेळ करून दाखवायचे. प्रदर्शनाच्या दालनातल्या मशीनवर कागदाचा एक गठ्ठा कापायचे, आणि बटणांवरून हात उचलल्या उचलल्या उजवा हात सरळ पात्याखाली घालायचे, तळवा वर करून. मग गिऱ्हाइकांकडे पाहून म्हणायचे, “माझा हात, हीच माझी हमी.” महागड्या परदेशी मशीनला प्रकाशाचा पडदा असतो, हात आत गेला की पातं थांबतं. आमचं मशीन स्वस्तातलं, त्याला तसलं काही नव्हतं. त्याच्या जागी जादूगाराचा हात होता. लोक टाळ्या वाजवायचे. दादाच्या अपघातानंतर दोन महिन्यांनीसुद्धा त्यांनी तो खेळ केला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, हेही सांगून टाकते.

यंदाच्या वर्षी एका लहानशा छापखान्याची मंडळी मशीन पाहायला आली होती. त्यांच्याबरोबर त्यांचा कटिंगवाला होता, पन्नाशीचा, अबोल माणूस. त्यांच्याकडे आमचं एक मशीन आधीच होतं. खेळ झाला, टाळ्या झाल्या, चहा आला. तो माणूस माझ्याशेजारी कप घेऊन उभा राहिला आणि सहज म्हणाला, “बाई, तुमचं हे मशीन आमच्यापेक्षा सुस्त आहे.”

मी हसले. दोन्ही एकच आहेत म्हणाले.

“नाही,” तो म्हणाला. “आमचं कट झाला की लगेच तयार. हे मधे एक श्वास घेतं.”

एरवी मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण ज्याचे हात दिवसभर एका तालावर चालतात तो ताल चुकला तर त्याला कळतं, हे दादाच्या घरात मी लहानपणापासून पाहिलं होतं. मंडळी गेल्यावर मी दालनातल्या मशीनला माझा लॅपटॉप जोडला आणि आतला प्रोग्राम उघडला.

इथे थोडं समजावून सांगावं लागेल. मशीनच्या प्रोग्राममध्ये चार कामं एकाच वेळी चालू असतात. त्यांना थ्रेड म्हणतात. एक पातं सांभाळतो, एक दाबपट्टी, एक पडद्यावरचे आकडे, आणि एक नुसता बटणांकडे पाहत बसतो. या चौथ्याला प्रत्येक कटानंतर थोडा वेळ झोपवावं लागतं. कारण बटणं जुनी झाली की हात सोडल्यावर आतल्या पत्र्या क्षणभर थरथरतात, आणि जागा असलेल्या थ्रेडला वाटतं, पुन्हा दाबलं. म्हणून मी आठ वर्षांपूर्वी लिहिलं होतं, झोप, पन्नास. पन्नास म्हणजे यंत्राच्या आतल्या घड्याळाचे पन्नास ठोके. तेवढ्यात थरथर संपते, मग हा उठतो, आणि त्याला काहीच दिसत नाही.

माझ्या प्रोग्राममध्ये पन्नास होतं. गिऱ्हाइकांना जाणाऱ्या प्रत्येक मशीनमध्ये पन्नास होतं. दालनातल्या मशीनमध्ये पाचशे होतं.

मी बराच वेळ त्या जास्तीच्या शून्याकडे पाहत बसले. मग उठले, भांडारातून प्रोग्राम चालवणारा जुना बोर्ड आणि नवा बोर्ड काढला आणि दोन्हींचे ठोके मोजले. अडीच वर्षांपूर्वी कंपनीनं बोर्ड बदलला होता, दादाच्या जुन्या मशीनलाही तेव्हाच नवा बसला होता. जुन्या बोर्डावर सेकंदाला शंभर ठोके पडायचे. पन्नास ठोके म्हणजे अर्धा सेकंद. नव्या बोर्डावर सेकंदाला हजार पडतात. तिथे पन्नास ठोके म्हणजे डोळ्याची पापणी अर्धीसुद्धा मिटत नाही. माझी ओळ बदलली नव्हती. ओळीखालची जमीन बदलली होती. थ्रेड दहापट लवकर उठत होता आणि थरथरणाऱ्या पत्र्या त्याला दिसत होत्या.

बोर्ड बदलल्यावर मशीन जलद झालं होतं. का झालं हे कुणी विचारलं नाही. मिनिटाला पंचेचाळीस कट, असं जाहिरातीत छापून आलं, आणि तंत्रविभागाचं कौतुक झालं तेव्हा मीही मान लववून फुकटचं श्रेय घेतलं. मला वाटलं होतं, बोर्ड चांगला आहे. चूक माझीच होती. आकडा लिहिताना तो कसला आहे, सेकंदांचा की ठोक्यांचा, हे मी कुठेही लिहून ठेवलं नव्हतं. पण चूक आणि पाप यांत फरक असतो. पाप त्या दुसऱ्या आकड्याच्या तारखेत होतं. दालनातल्या मशीनमध्ये पाचशे भरलं गेलं होतं जादूगाराच्या पासवर्डनं, आणि दादाचा हात गेला त्याच्या बरोबर तीन आठवडे आधी.

म्हणजे त्यांना कळलं होतं. कधीतरी त्यांच्या डोळ्यांदेखत पातं दोनदा आलं असणार. त्यांनी शोधलं, सापडलं, दुरुस्त केलं. जगातल्या एकाच मशीनमध्ये, ज्याच्याखाली त्यांचा स्वतःचा हात जायचा. बाकीची जलद राहिली, कारण जलद मशीन खपत होतं.

मला त्या क्षणी रडू आलं नाही. मला त्या माणसाचा हात हवा होता. हे मी सौम्य करून सांगणार नाही.

वायरमन काका हे एकच माणूस असे होते ज्यांच्यापाशी मी बोलू शकत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही विचारलं नाही की तुझी खात्री आहे का. खालच्या कपाटातून त्यांनी एक पिशवी काढली. तीत दोन काळी बटणं होती आणि दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, तिच्यावर दादाच्या कारखान्याचं नाव. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी जादूगारानं त्यांना पाठवून ती बटणं बदलायला लावली होती. निरीक्षकबाईंनी दोनशे वेळा मशीन चालवलं ते नव्या कोऱ्या बटणांवर. काकांना तेव्हाच पटलं नव्हतं, पण पोटासाठी गप्प बसलो, असं ते म्हणाले आणि पिशवी माझ्या हातात दिली.

बारा दिवसांनी मोठं प्रात्यक्षिक होतं. चौदा छापखान्यांचे मालक येणार होते. मी ठरवलं, तोवर तोंड उघडायचं नाही. तक्रार केली असती तर दालनातला आकडा पुसायला जादूगाराला एक मिनिट लागलं असतं, आणि मग माझ्याविरुद्ध माझाच सही केलेला कागद उभा राहिला असता. एवढं एकच कारण होतं असं मात्र नाही. मला त्यांचा चेहरा पाहायचा होता, चारचौघांत.

पण नव्या बोर्डाची अडतीस मशीनं बाहेर चालू होती आणि त्यांच्यासमोर कुणाकुणाचे दादा उभे होते. सूड माझा होता, बोटं त्यांची होती. काकांनी मोफत तपासणीच्या नावाखाली आपल्या दोन माणसांना घेऊन अडतीसच्या अडतीस ठिकाणी नवी बटणं बसवली. नव्या पत्र्या थरथरत नाहीत. बाराव्या दिवशी सकाळी शेवटच्या ठिकाणाहून त्यांचा फोन आला, झालं म्हणून, आणि मग ते थेट दालनात आले.

नऊ वाजता आम्ही दोघांनी दार आतून लावून घेतलं. मी मशीनमधला पाचशेचा प्रोग्राम त्याच्या तारखेसकट उतरवून घेतला आणि गिऱ्हाइकांना देतो तोच, पन्नासचा, आत भरला. काकांनी दादाची जुनी बटणं बसवली. मग रद्दी कागद ठेवून चाळीस कट घेतले. चाळिसात तीनदा पातं दोनदा आलं. पहिल्यांदा आलं तेव्हा मी स्टुलावर बसले. दोन वर्षांपूर्वी जे होऊच शकत नाही म्हणून मी दादाला सांगत होते ते माझ्यासमोर घडत होतं, आणि त्याला जेमतेम एक श्वासही लागत नव्हता.

काका म्हणाले, “तू त्यांना सांगणार आहेस ना, हात घालायच्या आधी?”

मी कापलेल्या रद्दीच्या पट्ट्या गोळा करायला लागले.

खरं सांगायचं तर सांगायचा विचार नव्हता. तेरा-चौदा कटांत एकदा, म्हणजे बहुधा काहीच होणार नाही, असं मी स्वतःला समजावलं होतं. दादाच्या नशिबी जेवढी शक्यता आली त्याच्या कितीतरी पट जास्त मी जादूगाराच्या नशिबी मांडून ठेवली होती आणि त्याला न्याय म्हणत होते. निरीक्षकबाईंना मी पाहुण्या म्हणून बोलावलं होतं. आणि वहिनीच्या हाती निरोप धाडला होता की दादाला म्हणावं, अकरा वाजता ये, एकदाच ये.

तो आला. शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीत बसला, उजवा हात कोटाच्या खिशात. माझ्याकडे त्यानं पाहिलं नाही.

जादूगार रंगात होते. पंचेचाळीस कट, स्वदेशी बनावट, देखभालीचा त्रास नाही. मी मशीनच्या बाजूला कागद द्यायला उभी होते. त्यांनी पहिला गठ्ठा कापला, दुसरा कापला. दुसऱ्या कटाला त्यांची मान किंचित वळली, काहीतरी वेगळं वाटल्यासारखी, पण समोर चौदा मालक बसले होते आणि त्यांच्यासमोर थांबणं जादूगाराच्या स्वभावात नव्हतं.

शेवटच्या रांगेत मात्र दादा उभा राहिला होता.

त्याला आवाजावरून कळलं होतं. कट, आणि लगेच तयार, मधे श्वास नाही. बावीस वर्षांच्या कानाला ते मशीन ओळखू आलं. जादूगारानं तिसरा गठ्ठा आत सरकवला आणि बाह्या मागे सारल्या, खेळ सुरू होण्याची ती खूण होती. दादाचं तोंड उघडलं. तो काय ओरडणार आहे ते मला कळलं. हात घालू नका, असं ओरडणार होता. त्या माणसाला.

माझ्या मनात दया आली असं कुणी समजू नये. दया अजिबात आली नाही. दादानं त्याला वाचवावं, त्याचा हात दादामुळे शाबूत राहावा, आणि उद्या त्यानं दादाचे आभार मानावेत, हे मला सहन होणार नव्हतं. शिवाय हात तुटला असता तर तो बिचारा झाला असता. लोक त्याला फुलं घेऊन भेटायला गेले असते. दादाला कोण गेलं होतं?

म्हणून दादाच्या आधी मी बोलले.

“साहेब, एक सांगायचं राहिलं. आज या मशीनमध्ये आपण गिऱ्हाइकांना देतो तोच प्रोग्राम आहे. पन्नासचा. तुमचा पाचशेचा मी काढून ठेवलाय. आता घाला हात.”

बटणांवर ठेवलेले त्यांचे हात तिथेच थांबले. मग एक एक करून त्यांनी ते उचलले, शांतपणे, आणि रुमाल काढून तळवे पुसायला लागले. माझ्याकडे पाहून ते हसले सुद्धा. म्हणाले, मॅडमना काहीतरी गैरसमज झालेला दिसतो, हा तांत्रिक विषय आहे, आपण आधी चहा घेऊ या.

पहिल्या रांगेतले एक म्हातारे मालक म्हणाले, चहा नंतर घेऊ, तुम्ही हात घालणार होतात ना. ते चेष्टेनं म्हणाले होते. कुणीच हसलं नाही.

निरीक्षकबाई उठून मशीनजवळ आल्या. त्यांनी मला नाही, जादूगारांना विचारलं, पाचशेचा म्हणजे काय. ते म्हणाले, किरकोळ आहे. बाई म्हणाल्या, “किरकोळ असेल तर घाला की हात. रोज घालता म्हणे.”

जादूगार मशीनपासून एक पाऊल मागे सरले. मग आणखी एक. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, इथे हात न दाखवताच झालं. तो उजवा हात, जो मी चार वर्षं पात्याखाली ऐटीत पसरलेला पाहिला होता, तो आता त्यांनी पाठीमागे नेला होता, शाळेत छडी चुकवणाऱ्या पोरासारखा. चौदा माणसांनी ते पाहिलं. मला जे हवं होतं ते मला मिळालं, आणि मी ते डोळे भरून पाहिलं. अजूनही आठवलं की मला गार वाटतं.

मग मी बटणांवर हात ठेवले. काका कागद लावत गेले, मी कट घेत गेले, आणि निरीक्षकबाई मोठ्यानं मोजत गेल्या. एक, दोन, तीन. आठव्यापर्यंत काही नाही. जादूगारांच्या चेहऱ्यावर थोडा रंग परत आला. नववा, दहावा. अकराव्या कटाला मी हात उचलले, पातं वर गेलं, आणि माझे दोन्ही हात सगळ्यांना दिसतील असे हवेत असताना ते पुन्हा खाली आलं.

बाई मोजायच्या थांबल्या. खोलीच्या मागून दादाचा आवाज आला, फार मोठा नाही.

“दोनदा,” तो म्हणाला.

त्यानंतर सगळं फार भराभर झालं. बाईंनी मशीनला सील लावलं, बटणं आणि माझ्याकडचा पाचशेचा प्रोग्राम ताब्यात घेतला. बोर्ड बनवणाऱ्यांनी ठोके बदलल्याचं जादूगारांना अडीच वर्षांपूर्वीच लेखी कळवलं होतं, ते पत्र त्यांच्याच कपाटात सापडलं. अडतीस मशीनं बंद झाली, आकडा बदलल्यावर सावकाश चालू झाली. जादूगारांची नोकरी गेली आणि त्यांच्यावर खटला उभा आहे. त्यांच्याआधी माझी गेली, त्याच संध्याकाळी. पत्रात कारण लिहिलं होतं, कंपनीच्या मशीनमध्ये विनापरवानगी फेरफार आणि हलगर्जीपणा. तो शब्द अखेर घरातल्या योग्य माणसाकडे आला, असं मी वहिनीला म्हणाले. ती हसली नाही.

तीन आठवड्यांनी नवा अहवाल आला. दादाच्या नावापुढचं सगळं खोडलं होतं. मी त्याची प्रत घेऊन त्याच्याकडे गेले. मनात म्हणत होते, आता तरी.

दार त्यानंच उघडलं. अहवाल त्यानं डाव्या हातात घेतला आणि उंबऱ्यात उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचला. मग दोन वर्षांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

“माझी बटणं त्या मशीनला कुणी बसवली?”

काकांनी, मी म्हणाले. मग म्हणाले, मी बसवायला लावली.

“आणि मला बघायला बोलावलंस.”

त्याला सगळं कळलं होतं. मी अगदी शेवटच्या क्षणी बोलले हे त्यानं त्या खुर्चीतून पाहिलं होतं, आणि का बोलले हेही बहुतेक. तो म्हणाला, “ते कसं दिसतं ते मला ठाऊक आहे, बाई. पुन्हा बघायची हौस नव्हती.” आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. मग म्हणाला, कागदावर सही केलीस ते चुकून केलीस, ते मी एक वेळ सोडून देईन, पण हे तू चुकून नाही केलंस.

मी म्हणाले, मग मी काय करू. परत येऊ की नको ते तरी सांग. दोन वर्षं मी नुसती थांबले होते, आणि किती थांबायचं ते कुणी सांगितलं नव्हतं. बिनमुदतीचं थांबणं काय असतं ते थांबलेल्यालाच कळतं. प्रोग्राममधल्या त्या थ्रेडलासुद्धा आम्ही आकडा देऊन झोपवतो.

आतून वहिनी काहीतरी पुटपुटली, ते मला ऐकू आलं नाही, दादाला आलं. त्यानं अहवाल काखेत धरला आणि खिशातून उजवा हात बाहेर काढला. मी तो पहिल्यांदाच पाहत होते. मग त्यानं दोन्ही हात माझ्या तोंडासमोर धरले आणि होती तेवढी सगळी बोटं वर केली. डाव्याची पाच, उजव्याचा अंगठा.

मी मोजली. मग डोळे पुसले आणि विचारलं, “सहा काय, दादा? महिने की वर्षं?”

त्याच्या ओठाचा एक कोपरा हलला.

“शिकलीस म्हणायची,” तो म्हणाला. “महिने. आजपासून.” आणि त्यानं दार लावून घेतलं.